खर्ड्यांची रुजवात

दप्तर सरकारी असो वा सावकारी, जपून ठेवायचा तो अस्सल कागद आणि फाडून टाकायचा तो खर्डा, हा भेद लेखनव्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या मानला गेला आहे. आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा जो नवा व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आला, त्यानेही आरंभी हाच भेद निमूटपणे स्वीकारला. आज्ञावलीची चालू प्रत सांभाळावी, तिच्यापूर्वीच्या मान्य झालेल्या प्रती सांभाळाव्या, प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा व कोणत्या कारणास्तव केला याची तारीखवार नोंद असावी, इतके या व्यवसायातील दप्तरदारांनी १९७२ पासूनच साधले होते. परंतु मान्यता मिळण्यापूर्वी एकाच फेरफाराचे जे दोन, चार, प्रसंगी दहा-बारा खर्डे होतात, त्यांपैकी दुसरा पहिल्याहून नेमका कोणत्या कलमात निराळा आहे, हे सांगणारे साधन या व्यवसायाच्या आजच्या सर्वांत प्रचलित दप्तरात, म्हणजे गिटमध्ये, सप्टेंबर २०१८ मध्ये निघालेल्या २.१९ या आवृत्तीपूर्वी अंगभूत नव्हते. सेहेचाळीस वर्षांचा हा विलंब आळसामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या शिरस्त्यातून हा प्रश्न उद्भवतो, तो शिरस्ताच मुळात रुजायला बराच काळ जावा लागला.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये आयबीएमच्या अजस्र यंत्रासाठी ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ ही व्यवस्था प्रथम रचली, आणि १९७५ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. प्रत्येक आवृत्तीची संपूर्ण नक्कल न ठेवता केवळ फरक ठेवावा, आणि हे सगळे फरक एकाच फाइलीत अशा रीतीने गुंफावे की कोणती ओळ कोणत्या फेरफाराने आली आणि कोणत्या फेरफाराने गेली हे तिच्यापाशीच नोंदलेले असावे, ही त्या व्यवस्थेची युक्ती. त्याच प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७४ च्या पाचव्या युनिक्स आवृत्तीबरोबर ‘डिफ’ नावाचा लहानसा प्रोग्रॅम बाहेर काढला, आणि त्यामागील गणित जेम्स हंट यांच्यासह १९७६ च्या एका तांत्रिक अहवालात मांडले. दोन मजकुरांत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब मालिका शोधून काढायची. तिच्यात न बसणाऱ्या जुन्या मजकुरातील ओळी ‘गेल्या’ आणि नव्या मजकुरातील ओळी ‘आल्या’ असे धरायचे: वर्णनाला एवढेच, पण हे शोधणे वेगाने कसे व्हावे यावर पुढे कितीतरी विद्वत्ता खर्ची पडली, आणि आज गिटमध्ये जी पद्धती चालते तिचे मूळ १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी लिहिलेल्या निबंधात आहे.

डिफचा एक स्वभाव येथेच ध्यानात घेतलेला बरा, कारण पुढील सर्व कथा त्यावर अवलंबून आहे. डिफला हेतू कळत नाही. एखादा परिच्छेद वरून उचलून खाली नेला, तर तो वर नाहीसा झाला आणि खाली नव्याने उगवला एवढेच तो सांगतो. लेखकाच्या मनात स्थलांतर होते की पुनर्लेखन होते, याची चौकशी तो करीत नाही. दोन मजकूर समोर ठेवा, तो त्यांची रुजवात घेईल. पण कोणता मजकूर कोणत्या मजकुरासमोर ठेवायचा, हे ठरवण्याचे काम त्याने सदैव माणसावर सोपवले.

त्यानंतरची साधने भराभर सांगून टाकण्याजोगी आहेत. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये रचलेल्या आरसीएसने शेवटची प्रत पूर्ण ठेवून मागच्या प्रती उलट्या फरकांनी सिद्ध करण्याची सोय केली. ॲमस्टरडॅमच्या डिक ग्रून यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एकाच कामावर निरनिराळ्या वेळी बसता यावे म्हणून ज्या छोट्या आज्ञावल्या लिहिल्या, त्यांतून १९८६ मध्ये सीव्हीएस निघाले. या सर्वांत एक गोष्ट गृहीत होती ती अशी, की नोंद एकदा झाली म्हणजे ती कायम झाली. चूक आढळली तर दुरुस्तीची निराळी नोंद करावी. मूळ नोंदीला हात लावू नये. हिशेबाच्या वहीचा हा नियम आहे, आणि वहीपुरता तो निर्दोषही आहे.

या नियमाला पहिला तडा गेला तो एका अगदी निराळ्या दिशेने. मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी (पुढे पर्ल या भाषेचे जनक म्हणून ज्यांची ख्याती झाली त्यांनी) ‘पॅच’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. डिफने काढलेला फरक दुसऱ्या कोणाच्या यंत्रावरील प्रतीला लावून देणे हे त्याचे काम. आणि ती प्रत मध्यंतरी थोडीफार बदललेली असली, ओळी वीस-तीस घरे खाली सरकलेल्या असल्या, तरी आजूबाजूच्या ओळी पाहून योग्य जागा हुडकून काढण्याची अक्कल त्याला दिलेली होती. त्यामुळे फेरफार ही मजकुरापासून सुटी करता येणारी, टपालाने धाडता येणारी, वाचता आणि नाकारता येणारी स्वतंत्र वस्तू झाली. १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी या वस्तूला आजचे सुटसुटीत रूप दिले, ज्यात गेलेल्या ओळीपुढे वजा आणि आलेल्या ओळीपुढे अधिक अशी खूण एकाच स्तंभात येते. आणि वस्तू सुटी झाली म्हणजे तिचेही खर्डे होऊ लागणे क्रमप्राप्तच होते.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहावयास घेतला, आणि २००२ पर्यंत त्यांनी त्यासाठी कोणतेही आवृत्तीदप्तर वापरले नाही. जगभरातून लोक ई-मेलने पॅच पाठवीत, ते वाचून त्यांतले जे पसंत पडत ते टॉरवाल्ड्स आपल्या प्रतीला लावीत, आणि ठरावीक अंतराने नवी आवृत्ती जाहीर करीत. याच व्यवहारात तो शिरस्ता घडला, ज्याचे वर्णन केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. मोठा फेरफार एकाच पॅचमध्ये कोंबून पाठवू नये. त्याचे तर्कशुद्ध तुकडे करावे. प्रत्येक तुकड्यात एकच बदल असावा, त्याचे कारण त्याच्याबरोबर लिहिलेले असावे, आणि प्रत्येक तुकडा लावल्यानंतर कर्नल उभे राहील व चालेल अशी स्थिती असावी. असे पाच, दहा, कधी तीस-चाळीस पॅच ओळीने मिळून एक मालिका होते, आणि मालिकेच्या शिरोभागी सबंध कामाचा आशय सांगणारे कव्हर लेटर जाते. ही निव्वळ टापटीप नव्हे. पुढे कधी कर्नलमध्ये दोष शिरल्याचे आढळले, तर चांगली म्हणून ठाऊक असलेली जुनी प्रत आणि वाईट म्हणून ठाऊक असलेली नवी प्रत यांच्या मधोमध जाऊन तपासायचे, पुन्हा उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध तपासायचे, अशा द्विभाजनाने हजार पॅचमधला अपराधी दहा तपासण्यांत सापडतो. मात्र त्यासाठी मालिकेतील प्रत्येक पायरी स्वतःच्या बळावर उभी असली पाहिजे.

आता परीक्षकाने तिसऱ्या पॅचमध्ये चूक दाखवली असे समजा. हिशेबाच्या वहीचा नियम सांगेल की मालिकेच्या अखेरीस दुरुस्तीचा आणखी एक पॅच जोडावा. कर्नलचा शिरस्ता सांगतो की तसे मुळीच करू नये. तिसरा पॅचच नव्याने, जणू चूक कधी झालीच नव्हती असा, लिहून काढावा, त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे पॅच त्याला जुळते करून घ्यावे, आणि संपूर्ण मालिका ‘आवृत्ती २’ अशी खूण लावून पुन्हा पाठवावी. वाचणाऱ्याला लेखकाच्या धडपडीशी कर्तव्य नाही, निष्पन्न युक्तिवादाशी आहे, हा यामागचा विचार. या विचारावर अप्रामाणिकपणाचा आरोप करणारे अनेक आहेत, आणि ‘इतिहास जसा घडला तसा ठेवा’ या त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ग्रंथाच्या मुद्रणप्रतीत लेखकाची खाडाखोड छापली नाही म्हणून त्यास कोणी खोटारडा म्हणत नाही, आणि मला स्वतःला कर्नलवाल्यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

पॅच हीच संपादनाची वस्तू मानणारी साधनेही याच वातावरणात तयार झाली. कर्नलचे एक प्रमुख संपादक अँड्र्यू मॉर्टन आपल्या जवळचे शेकडो पॅच एकावर एक रचून ठेवीत, आणि मधला एखादा काढणे, बदलणे, परत बसवणे यासाठी त्यांनी काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या होत्या. त्यांच्या पायावर अँड्रेआस ग्र्यूनबाखर यांनी ‘क्विल्ट’ हे साधन उभे केले. पॅचांचा ढीग त्यात सुखाने हाताळता येई. कालचा ढीग आणि आजचा ढीग यांची तुलना मात्र ज्याची त्याने डोळ्यांनीच करावी लागे.

२००२ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचे बिटकीपर हे दप्तर पत्करले. एप्रिल २००५ मध्ये, अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याच्या व्यवहारपद्धतीचा छडा लावण्याचा उद्योग केल्यावरून झालेल्या वादात, त्याची विनामूल्य सनद रद्द झाली. आणि टॉरवाल्ड्स यांनी त्याच महिन्याच्या ३ तारखेस नवे दप्तर लिहावयास घेऊन ७ तारखेस ते स्वतःच्या नोंदी स्वतःच ठेवण्याइतके सिद्ध केले. हेच गिट. जुलैअखेरीस त्याची व्यवस्था जुनिओ हमानो यांच्याकडे गेली आणि ती आजतागायत त्यांच्याकडेच आहे. ही हकीकत अन्यत्र वारंवार सांगितली गेली असल्यामुळे तिच्यावर येथे अधिक शाई खर्च करीत नाही. आपल्या विषयाला लागणारी बाब निराळी आहे, आणि ती नोंदीच्या नावाची आहे.

गिटमध्ये नोंदीला, म्हणजे कमिटला, क्रमांक देत नाहीत. कमिटचा सर्व ऐवज (मजकुराची स्थिती, कर्त्याचे नाव, तारीख, स्पष्टीकरण आणि पूर्वीच्या कमिटचे नाव) एका गणिती यंत्रातून काढतात, आणि सोळाच्या अंकपद्धतीतील जी चाळीस अक्षरे बाहेर पडतात तेच त्या कमिटचे नाव. ऐवजात एका स्वल्पविरामाचा फरक झाला तरी नाव संपूर्ण बदलते; आणि पूर्वजाचे नाव ऐवजाचाच भाग असल्यामुळे, पूर्वज बदलला की सर्व वंशजांची नावेही बदलतात. अस्सलपणाची याहून कडक हमी मिळणे कठीण, परंतु हीच हमी वर सांगितलेल्या शिरस्त्याच्या आड आली. दहा कमिटच्या मालिकेत दुसऱ्या कमिटचे शब्दलेखन सुधारले, तर दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत नऊही कमिट दप्तराच्या दृष्टीने अपूर्व ठरतात. जुन्या नऊ कमिटांशी त्यांचे काही नाते आहे याची नोंद गिट कोठेही करीत नाही. आणि शब्दलेखन सुधारणे तर फारच सोपे झाले होते, कारण २००७ मध्ये योहानेस शिंडेलिन यांनी लिहिलेल्या रीबेसच्या, म्हणजे कमिटांची मालिका नव्याने रचणाऱ्या आज्ञेच्या, संवादी प्रकारात मालिकेची यादी संपादकात उघडून कमिटचा क्रम बदलणे, दोन एकत्र करणे, एखादा गाळणे ही कामे चार ओळी इकडच्या तिकडे करून होऊ लागली.

लिहिणाऱ्याची सोय झाली तसतशी वाचणाऱ्याची अडचण वाढत गेली. बारा पॅचांची मालिका परीक्षकाने सोमवारी बारकाईने वाचून आठ आक्षेप घेतले. शुक्रवारी चौदा पॅचांची ‘आवृत्ती २’ येऊन दाखल झाली. आता चौदाही पॅच पहिल्यापासून वाचावे, तर सोमवारचे श्रम वाया गेले. न वाचावे, तर आठ आक्षेपांचे निवारण करताना नववा दोष शिरला नाही याची शाश्वती कोणी द्यावी? यावर शिरस्त्याने शोधलेला उपाय असा, की लेखकाने ‘आवृत्ती १ पासून झालेले बदल’ अशी फर्द स्वतःच लिहून द्यावी. ही फर्द कोठे लिहायची, तर स्पष्टीकरण संपल्यावर ज्या तीन आडव्या रेघा येतात त्यांच्या खाली. आणि त्या जागेचे वैशिष्ट्य हे, की पॅच दप्तरात दाखल करताना तेथील मजकूर गिट आपोआप वगळतो. खर्ड्यांची हकीकत परीक्षकाने वाचावी, पण अस्सल दप्तरात तिचा मागमूस राहू नये, असा तो सोयीस्कर बंदोबस्त होता. त्यात उणीव एवढीच, की फर्द म्हणजे लेखकाचा जबाब होय, रुजवात नव्हे. सज्जन लेखकही नकळत केलेला बदल फर्दीत लिहीत नाही, कारण तो त्याला ठाऊकच नसतो.

मग रुजवात यंत्राने का घेऊ नये? पहिल्या आवृत्तीचा शेवट आणि दुसऱ्या आवृत्तीचा शेवट यांच्यावर डिफ चालवावा, हा सहज सुचणारा मार्ग, आणि तो पुष्कळदा फसवा. मधल्या काळात लेखकाने आपली मालिका मुख्य प्रतीच्या ताज्या टोकावर आणून बसवली असेल, तर त्या टोकापर्यंत इतरांनी केलेले शेकडो बदल त्या डिफमध्ये येऊन दाटी करतात. आणि लेखकाने केवळ पॅचांचा क्रम बदलला असेल, किंवा स्पष्टीकरणे नव्याने लिहिली असतील, तर डिफ कोरा करकरीत निघतो. टिम वॉ यांच्या पॅचयुटिल्स या संचात ‘इंटरडिफ’ नावाचे साधन होते, जे एका पॅचचे दोन खर्डे घेऊन त्यांतला फरक दाखवी. पण मालिकेपुढे ते हतबल होते. गिटमध्ये ‘पॅच-आयडी’ नावाची खूणही आरंभीच्या काळापासून होती, जी ओळींचे क्रमांक व कोऱ्या जागा वगळून उरलेल्या फरकाची काढलेली असल्यामुळे, जागा बदललेला परंतु अंगाने जसाच्या तसा राहिलेला पॅच तिच्यावरून ओळखता येई. अंगाने थोडा बदललेला पॅच मात्र तिला पूर्ण परका वाटे, आणि परीक्षकाला पाहायचे असत ते नेमके असेच पॅच.

हे कोडे सोडवण्याची वाट गिटच्याच एका जुन्या कर्त्याने, टोमास रास्ट यांनी, ‘टीबीडिफ’ या पायथनमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने दाखवली. त्यांनी ओळखले ते हे, की प्रश्न दोन आहेत आणि आजवर सर्वजण दुसऱ्यापासूनच सुरुवात करीत होते. काय बदलले हे विचारण्यापूर्वी कोणाचे कोण झाले हे ठरले पाहिजे. जुन्या बारा आणि नव्या चौदा पॅचांच्या जोड्या आधी लागल्या पाहिजेत. प्रत्येक जुन्या पॅचची प्रत्येक नव्या पॅचशी तुलना करायची, त्या दोन पॅचांमधील फरक जितक्या ओळींचा तितकी त्या जोडीची ‘किंमत’ मानायची, आणि सर्व जोड्यांच्या किमतींची बेरीज कमीत कमी होईल अशा रीतीने जोड्या लावायच्या. प्रत्येक जुन्या पॅचला त्याच्या सर्वांत सारख्या नव्या पॅचशी जोडून मोकळे होता येत नाही, कारण एकाच नव्या पॅचवर दोघांचा दावा असू शकतो. आणि सगळे पर्याय तपासून पाहावे म्हटले तर अवघ्या दहा पॅचांच्या दोन मालिकांत ते ३६,२८,८०० होतात.

सुदैवाने गणितज्ञांनी हा प्रश्न फार पूर्वीच, दहा माणसांना दहा कामे कमीत कमी खर्चात कशी वाटावी या रूपात, हातावेगळा केलेला होता. आणि त्याची हकीकत इतकी मनोरंजक आहे की विषयांतराचा दोष पत्करून ती येथे सांगतो. १९५३ च्या उन्हाळ्यात हॅरल्ड कून हे अमेरिकन गणितज्ञ डेनेश केनिग यांचा आलेखशास्त्रावरील जर्मन ग्रंथ वाचीत असता, एका तळटीपेत त्यांना येनो एगरवारी यांच्या १९३१ च्या एका निबंधाचा उल्लेख सापडला. निबंध हंगेरियन भाषेत होता, आणि कून यांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी ग्रंथालयातून एक जाडजूड कोश आणि व्याकरण आणले, दोन आठवडे खपून निबंधाचे भाषांतर केले, आणि त्यातील कल्पना केनिग यांच्या कल्पनेशी सांधून जी रीत बसवली तिला, त्या दोघांच्या गौरवार्थ, ‘हंगेरियन पद्धत’ असे नाव देऊन १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. कागद-पेन्सिलीने बारा माणसे व बारा कामे यांचे कोष्टक ते दोन तासांच्या आत सोडवीत. १९५७ मध्ये जेम्स मंक्रस यांनी या रीतीला लागणारे श्रम मर्यादित असल्याचे दाखवून दिले. गंमत अशी, की २००६ च्या सुमारास असे उघडकीस आले की हेच सर्व कार्ल याकोबी यांनी एकोणिसाव्या शतकात करून ठेवले होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये, ते लॅटिन भाषेत छापलेही गेले होते. कोण कोणाच्या आधी आले हे ठरवणाऱ्या साधनाच्या मुळाशीच हा पूर्वापरतेचा घोटाळा असावा, हा योग मोठा मौजेचा आहे.

टीबीडिफ काही थोड्या जाणकारांच्या वापरात राहिले. त्याला गिटच्या घरात आणले ते शिंडेलिन यांनीच. ज्याने इतिहासाचे पुनर्लेखन सोपे केले त्यानेच अकरा वर्षांनी त्या पुनर्लेखनाची झडती सोपी केली, याला न्याय म्हणावयास हरकत नसावी. मे २०१८ मध्ये त्यांनी टीबीडिफचे सी भाषेत पुनर्लेखन करून पाठवले ते ‘ब्रांच-डिफ’ या नावाने. जोड्या लावण्यासाठी त्यांनी योंकर आणि फोलखेनांट यांची १९८७ ची अधिक चपळ रीत घेतली, जिच्यात पॅचांची संख्या दुप्पट झाली की काम सुमारे आठपट होते, आणि मालिकांचा नेहमीचा आकार पाहता एवढे परवडते. या पॅचमालिकेवरही शिरस्त्याप्रमाणे आक्षेप आले, तिच्याही आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, एका आवृत्तीत नाव पालटून ‘रेंज-डिफ’ झाले. आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या कव्हर लेटरखाली मागच्या आवृत्तीशी केलेली तुलना त्याच साधनाने काढून जोडलेली असे. त्यापुढच्या २.२० या आवृत्तीत एरिक सनशाइन यांच्या कामामुळे पॅच तयार करणाऱ्या आज्ञेलाच ही तुलना कव्हर लेटरमध्ये आपोआप उतरवण्याची सोय मिळाली, आणि लेखकाच्या जबाबाशेजारी रुजवात येऊन बसली.

रेंज-डिफचे निवेदन वाचायला शिकावे लागते. आधी जोड्यांची यादी येते: डाव्या बाजूस जुन्या पॅचचा अनुक्रम, उजव्या बाजूस नव्याचा, मध्ये एक चिन्ह. बरोबरीचे चिन्ह म्हणजे पॅच तसाच आहे. उद्गारचिन्ह म्हणजे जोडी लागली पण अंगात फरक आहे. आणि डावीकडे किंवा उजवीकडे रोखलेले टोक म्हणजे तो पॅच केवळ जुन्या अथवा केवळ नव्या मालिकेत आहे. (गिटच्या अधिकृत माहितीपत्रातील नमुन्यात कमिटांची नावे सोळाच्या अंकपद्धतीतील अक्षरांतून थट्टेचे इंग्रजी शब्द बनतील अशी योजलेली आहेत, इतक्या रुक्ष कागदातही कोणाला विनोद सुचला याचे समाधान वाटते.) उद्गारचिन्हाच्या खाली मुख्य मजकूर येतो, आणि तेथे नवखा वाचक अडखळतो, कारण तो फरकांचा फरक असतो आणि त्याच्या ओळींपुढे खुणांचे दोन स्तंभ असतात. आतली खूण पॅचची स्वतःची, बाहेरची खूण तुलनेची. बाहेर वजा व आत अधिक, म्हणजे पहिला खर्डा ही ओळ घालीत होता, दुसरा घालीत नाही. बाहेर अधिक व आत वजा, म्हणजे दुसरा खर्डा अशी एक ओळ काढून टाकतो जिला पहिल्याने हात लावला नव्हता. बाहेरच्या खुणेची पार्श्वभूमी लाल वा हिरवी करून ही गुंतागुंत पुष्कळ सौम्य केलेली आहे. ओळींचे क्रमांक तुलनेपूर्वीच पुसले जातात, म्हणून मजकूर केवळ खाली सरकला तर तो फरक गणला जात नाही; आणि स्पष्टीकरणाचा मजकूरही तुलनेत धरलेला असल्यामुळे, आज्ञावली तशीच ठेवून कारणमीमांसा बदलली तरी ती परीक्षकाच्या दृष्टीस पडते. कोऱ्या निघणाऱ्या डिफपेक्षा ही केवढी प्रगती!

खर्ड्यांची ओळख साम्यावरून पटवणे हा एकच मार्ग होता असे मात्र नाही. गूगलमध्ये गुइडो व्हान रॉसम यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या मोंड्रियान या परीक्षणव्यवस्थेच्या वंशात पुढे रीटफेल्ट आणि तिच्यापासून अँड्रॉइडच्या कामासाठी शॉन पिअर्स यांच्या हातून गेरिट अशा व्यवस्था झाल्या. नावे सर्व डच कलावंतांची. आणि गेरिटने वेगळीच तोड काढली. प्रत्येक कमिटच्या स्पष्टीकरणाच्या तळाशी ‘चेंज-आयडी’ म्हणून एक कायमची खूण लिहायची. खर्डे कितीही होवोत, ती खूण बदलायची नाही, आणि एकाच खुणेचे सर्व खर्डे एका सदराखाली क्रमाने लावून ठेवायचे. मर्क्युरियल या गिटच्याच वयाच्या दप्तरात तिसरी वाट चोखाळली गेली: जुना कमिट रद्द होऊन त्याच्या जागी अमुक नवा आला, अशी वारसनोंदच दप्तराने ठेवावी. तत्त्वतः पाहिले तर या दोन्ही वाटा अधिक निश्चित आहेत, कारण त्यांत अनुमान नाही. परंतु त्यांना प्रत्येक लेखकाकडून, पहिल्या खर्ड्यापासूनच, त्या व्यवस्थेची शिस्त पाळली जाण्याची अपेक्षा असते. ई-मेलने, कोणत्याही साधनाने बनवून, कोणीही पाठवलेल्या पॅचांकडून तशी अपेक्षा करता येत नाही. रेंज-डिफला पूर्वीचा कोणताच करार लागत नाही, दोन मालिका पुरतात. म्हणूनच कर्नलच्या मंडळींसाठी कॉन्स्टंटिन र्‍याबित्सेव्ह यांनी लिहिलेल्या बी-फोर या साधनात, एखाद्या मालिकेच्या दोन आवृत्त्या ई-मेलच्या संग्रहातून उचलून त्यांची तुलना करणारी जी आज्ञा आहे, ती अखेरीस काम सोपवते ते रेंज-डिफवरच.

अनुमान म्हटले की चूक आली. जोड्या एकास एक अशाच लागतात. त्यामुळे जुन्या एका पॅचचे नव्या मालिकेत दोन केले, तर त्यांतला एक वारस ठरतो आणि दुसरा परका म्हणून जाहीर होतो, जरी दोघांत जुन्याचे रक्त समसमान असले. त्याहून नाजूक प्रश्न असा, की किती बदलला म्हणजे पॅच तोच राहिला नाही असे मानावे? वारस सापडलाच पाहिजे अशी सक्ती केली, तर कोणाचेही नाते कोणाशीही लागेल; म्हणून प्रत्येक पॅचला निर्वंश राहण्याची मुभा दिलेली आहे, मात्र त्या मुभेचीही किंमत लावलेली आहे, आणि ती त्या पॅचच्या फरकाच्या आकाराच्या शेकडा ६०. जोडीची किंमत दोघांच्या या दंडांच्या बेरजेहून अधिक झाली, तर गणित जोडी मोडून दोघांना स्वतंत्र ठरवते. हा ६० चा आकडा कोणत्याही सिद्धान्तातून निघालेला नाही. तो वहिवाटीचा आहे, आणि पाहिजे त्याला आज्ञेबरोबर निराळा आकडा देता येतो. अनुभव असा येऊ लागला, की परीक्षकांच्या सूचनेवरून मनापासून पुन्हा लिहिलेला पॅच या मर्यादेबाहेर जाई, आणि निवेदनात जुना गेला व नवा आला एवढीच कोरडी नोंद होऊन, जेथे तुलना सर्वांत अधिक हवी तेथेच ती मिळत नसे. तेव्हा २०२४ मध्ये हमानो यांनी एक सुधारणा केली: स्वतंत्रपणे चालवलेल्या रेंज-डिफमध्ये ६० कायम ठेवावे, कारण तेथे समोरच्या दोन मालिकांचे नाते काय हे दप्तराला ठाऊक नसते, परंतु लेखक आपल्याच मालिकेची पुढील आवृत्ती पाठवण्यासाठी कव्हर लेटर तयार करीत असेल, तर दोन्ही खर्डे एकाच कामाचे आहेत हे उघड असल्यामुळे, तेथे हा आकडा ९९९ धरावा.